निकाल न विचारता दिलेलं रक्त

माझ्या चौथ्या गुणसूत्रावरचा एक आकडा एका संशोधन-साठ्यात नोंदलेला आहे. मला तो माहीत नाही. तो मला कळवला जाणार नाही हे वाचून, समजून घेऊन मी संमतिपत्रावर सही केली आहे. हे ऐकलं की लोक विचारतात, "मग रक्त दिलंस तरी कशाला?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, सगळी वाटच सांगावी लागते. म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांच्या घरात हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार आहे त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. दुसरा एखादा आनुवंशिक आजार ज्यांच्या घरात आहे, त्यांनाही काही सापडेल अशी आशा आहे.

आजार माझ्या बाबांचा. त्याआधी आजीचा, पण तिच्या वेळी त्याला नाव मिळालं नव्हतं. बाबांच्या बाबतीत हातापायांच्या अनावर हालचाली नंतर आल्या. आधी आला तो चिडचिडेपणा. मग आयुष्यभर चोख ठेवलेले हिशेब चुकू लागले, आणि सुरू केलेलं काम अर्ध्यावर सोडून ते तासन्‌तास नुसते बसून राहू लागले. मनाची आणि विचारांची ही लक्षणं हालचालींच्या कित्येक वर्षं आधीही दिसू शकतात. घरच्यांना सगळ्यात जास्त थकवतात तीच.

शास्त्र थोडक्यात सांगते. हंटिंग्टिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात सी-ए-जी ही डीएनएची तीन अक्षरं एकापुढे एक अशी पुन्हा पुन्हा येतात. ती सगळ्यांच्यातच असतात, बहुतेकांत २६ किंवा त्याहून कमी वेळा. ४० किंवा त्याहून जास्त असतील तर, पुरेसं आयुष्य लाभलं की आजार होतोच. ३६ ते ३९ असतील तर होईल किंवा होणारही नाही. २७ ते ३५ असतील तर त्या माणसाला स्वतःला होत नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो. आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. ताईला आला म्हणून मी सुटले, किंवा ती सुटली म्हणून मी अडकले, असं काही नसतं. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. पण नातेवाइकांना समजावताना माझी किती शक्ती गेली ते माझं मला माहीत.

निदानाच्या कागदाबरोबर दवाखान्यातून एका संस्थेचा फोन नंबर मिळाला. हंटिंग्टनच्या कुटुंबांनीच उभी केलेली संस्था: एका बाजूला रुग्णांची काळजी, दुसऱ्या बाजूला संशोधनाला मदत. आईनं तो नंबर बरेच दिवस तसाच ठेवला होता. शेवटी मी फोन केला. माझी तयारी होती ती मोठ्या प्रश्नांची: औषध आहे का, किती वर्षं, आम्हा मुलींचं काय. पलीकडच्या बाईंनी मला बोलू दिलं, आणि मग त्यांचा पहिला प्रश्न आला, "जेवताना ठसका लागतो का त्यांना?"

लागत होता, आणि तो आजाराचाच भाग आहे हे तोपर्यंत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाईंचे पती याच आजारानं गेले होते. कुठल्या क्रमानं काय येतं आणि कशानं जीव धोक्यात येतो हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे या आजारात मृत्यूचं एक मोठं कारण आहे. त्याच आठवड्यात संस्थेनं गिळण्याच्या तक्रारी पाहणाऱ्या स्पीच थेरपिस्टची गाठ घालून दिली. ताठ बसवून भरवणं, घास चालू असताना त्यांच्याशी न बोलणं, टीव्ही बंद ठेवणं, पातळ पदार्थ घट्ट करून देणं, जेवण झाल्यावर लगेच आडवं होऊ न देणं हे आम्ही तिच्याकडून शिकलो. वजन घटणं हाही याच आजाराचा भाग. शरीर सतत हलत असतं म्हणून, आणि फक्त तेवढ्यासाठीच नाही, या माणसांना इतरांपेक्षा बरंच जास्त अन्न लागतं. बाबांना दोन जेवणांच्या मध्येही काही ना काही द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचं वजन काही काळ टिकून राहिलं.

आणखी एक गोष्ट त्या फोनवर कळली, आणि तिनं आमच्या घरातली निम्मी भांडणं संपवली. बाबा म्हणायचे, "मला काही झालेलं नाही." आईला वाटायचं ते मुद्दाम मान्य करत नाहीत. पण मेंदूचा जो भाग बिघडतो त्यामुळे स्वतःच्या हालचाली आणि स्वतःतले बदल त्या माणसाला खरोखरच जाणवत नाहीत. ते समजल्यावर आईनं पटवून देणं सोडलं. प्रश्न विचारताना 'काय हवं?' असं मोघम न विचारता दोन पर्याय समोर ठेवायचे आणि मग उत्तराची वाट पाहायची. उत्तर येतं, पण उशिरा येतं. त्याआधी दुसरा प्रश्न विचारला की पहिल्याचंही उत्तर हरवतं. घरातली ती वाट पाहण्याची सवय अजून गेलेली नाही.

औषधांबद्दलही तेव्हाच स्पष्ट कळलं. हालचाली कमी करणारी औषधं आहेत. त्यातलं टेट्राबेनाझिन अमेरिकेत २००८ मध्ये मंजूर झालं, पुढे त्याच जातीची आणखी आली. नैराश्यावर, चिडीवर औषधं आहेत आणि ती जरूर घ्यावीत. आजाराची गती थांबवणारं मंजूर औषध नाही. ज्या माणसानं मला हे सांगितलं, त्यानं ते न कचरता आणि न घाबरवता सांगितलं.

मग आमची दोघींची पाळी आली. रक्तातून सी-ए-जीचा आकडा मोजण्याची चाचणी असते. लक्षणं नसलेल्या माणसानं ती करायची तर तिची एक ठरलेली पद्धत आहे. रुग्णसंघटना आणि न्यूरोलॉजिस्ट यांनी एकत्र बसून १९९४ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं केली, पुढे ती सुधारली. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की रुग्णांचे नातलग ती ठरवताना टेबलाशी होते. आधी जनुकीय समुपदेशन, मध्ये विचाराला पुरेसा वेळ, मग रक्त, आणि निकाल समोरासमोर, सोबत विश्वासाचं माणूस. फोनवर नाही, पत्रानं नाही. लहान मुलांची, त्यांना लक्षणं नसताना, चाचणी करत नाहीत. आणि कुठल्याही टप्प्यावर, अगदी निकालाचं पाकीट तयार असतानाही, थांबता येतं.

समुपदेशक बाई आम्हाला आजाराची माहिती देतील असं वाटलं होतं. ती आम्हाला होतीच. त्यांनी उलट विचारायला सुरुवात केली. निकाल हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात काय कराल? कुणाला सांगाल, कुणाला नाही? चांगला निकाल आला आणि बहिणीचा वाईट आला तर घरात कसं वागाल? वाईट आला तर आज घेत असलेला कुठला निर्णय बदलेल? विमा, नोकरी, वाहन चालवणं यांचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते तुमच्या इथे काय आहेत हे चाचणीआधी पाहिलंत का? या शेवटच्या प्रश्नाकडे कुणी दुर्लक्ष करू नये. एकदा निकाल नोंदीत गेला की तो मागे घेता येत नाही.

ताईकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. तिला मूल हवं होतं आणि त्याआधी जाणून घ्यायचं होतं. (न जाणताही मार्ग असतात, हे समुपदेशकांनी तिला सांगितलं: गर्भाशयाबाहेर तयार केलेल्या भ्रूणांची तपासणी करून, आईवडिलांना स्वतःचा निकाल न कळवता, आजार नसलेलाच भ्रूण निवडण्याची सोय काही केंद्रांत असते. तिनं विचार केला आणि म्हणाली, "मला माझंही कळू दे.") तिनं चाचणी केली. भाऊजी सोबत होते. निकाल काय आला ते मी इथे लिहिणार नाही, तो तिचा आहे.

मी थांबले. माझ्याजवळ 'कुठला निर्णय बदलेल?' याचं उत्तर नव्हतं. मी जे काम करते आहे तेच करणार होते, जिच्याजवळ राहते आहे त्या आईजवळच राहणार होते. बदलला असता तो फक्त हातातून पेला निसटल्यावर माझ्या मनात येणारा विचार. आणि तो विचार निकालाशिवायही येतोच, हे या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा. समुपदेशक बाईंनी मला पटवायचा प्रयत्न केला नाही. त्या म्हणाल्या, "तुमची फाईल उघडीच राहील. तुम्हाला वाटेल तेव्हा या." जोखीम असलेल्यांपैकी बहुसंख्य माणसं हेच करतात. चाचणी नव्हती तेव्हा, १९८० च्या दशकात, पाहण्यांमध्ये बहुतेकांनी 'करू' असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात चाचणी आल्यावर पुढे आले ते थोडे.

पण थांबल्यावर मला वेगळंच काही सलू लागलं. बाबांसाठी काही करायचं होतं, पुढच्यांसाठी करायचं होतं, आणि संशोधनात सहभागी व्हायचं तर आधी स्वतःचा निकाल माहीत हवा असं मी धरून चालले होते. संस्थेच्या कुटुंब-मेळाव्यात एका गृहस्थांनी सांगितलं की तसं नाही. निरीक्षणात्मक अभ्यास असतात, ज्यात औषध देत नाहीत, फक्त वर्षानुवर्षं पाहत राहतात. त्यातला सगळ्यात मोठा एन्रोल-एचडी: २०१२ पासून चालू, सीएचडीआय या ना-नफा संस्थेच्या पैशावर, अनेक देशांत, वीस हजारांहून जास्त माणसं. आजार असलेले, जनुक आहे पण लक्षणं नाहीत असे, जनुक नाही असं कळलेले, माझ्यासारखे न कळलेले, आणि तुलनेसाठी भाऊजींसारखे सुनाजावई. सगळे चालतात, सगळे लागतात.

मी नाव नोंदवलं. पहिल्या भेटीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो संमतिपत्रात, आणि तो जायलाच हवा. ते पत्र कलमाकलमानं वेगळं करून विचारतं: रक्त साठवायला हो की नाही, पुढच्या अभ्यासांसाठी संपर्क करायला हो की नाही, कुटुंबातल्या आजाराचा इतिहास द्यायला हो की नाही. एकाला नाही म्हटलं म्हणून बाकीच्यांतून नाव जात नाही. नावाच्या जागी सांकेतिक आकडा येतो. रक्तातली सी-ए-जीची संख्या संशोधनासाठी मोजली जाते, पण ती मला कळवत नाहीत, आणि मला तपासणाऱ्या केंद्रालाही कळवत नाहीत. मी त्या समन्वयक मुलीला तीनदा तेच विचारलं. "तुझ्या चेहऱ्यावरून मला कळेल का?" असंही विचारलं. ती म्हणाली, "मलाच माहीत नसतं, ताई. चेहऱ्यावर येणार कुठून?"

तपासणीचं मला दडपण होतं, कारण त्यातली प्रत्येक कृती मी बाबांना करताना पाहिली होती. मान न हलवता डोळ्यांनी बोटाचा माग घ्यायचा. जीभ बाहेर काढून दहा सेकंद स्थिर धरायची. आजार असेल तर हे साधं काम फार अवघड जातं. अंगठा आणि तर्जनी भराभर टेकवायची. मूठ, हाताची कड, तळवा असा क्रम टेबलावर पुन्हा पुन्हा करायचा. एका पावलाला दुसरं पाऊल चिकटवून सरळ रेषेत चालायचं. मागून खांद्याला ओढलं तर तोल सावरतो का पाहायचं. मग कागदावरची कामं: ९० सेकंदांत चिन्हांखाली आकडे भरायचे, 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापला असेल तर शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. मनःस्थितीचे प्रश्न असतात, त्यात आत्महत्येच्या विचारांबद्दलही सरळ विचारतात. या आजारात तो धोका खरा आहे, त्यामुळे सरळ विचारतात तेच बरं.

तपासणारे डॉक्टर चांगलं-वाईट काही बोलत नाहीत. सुरुवातीला मला ते कोरडं वाटलं. नंतर कळलं की ते माझ्यासाठीच तसं ठेवलेलं आहे. 'वा, छान' हे शब्दही माझ्यासारखीला निकालासारखे वाटले असते, आणि पुढच्या वर्षी ते शब्द आले नाहीत की मी घरी जाऊन त्याचाच अर्थ लावत बसले असते. ज्यांना न कळण्याचा हक्क वापरायचा आहे, त्यांच्यासाठी तो हक्क अशा बारीक गोष्टींत सांभाळावा लागतो. माझ्या लेखी या संस्थेचं आणि या अभ्यासाचं मोठेपण तिथे आहे.

हा हक्क किती नाजूक आहे ते माझ्या चुलतभावामुळे कळलं. काकांनी चाचणी केलेली नाही, त्यांना करायची नाही. चुलतभावाला करायची होती. त्याची शक्यता एक चतुर्थांश. पण त्याचा निकाल 'आहे' असा आला तर त्याच क्षणी काकांचाही निकाल लागला. आजार त्यांच्याकडूनच आलेला असणार. जाणून घेण्याचा त्याचा हक्क आणि न जाणण्याचा काकांचा, दोन्ही खरे. संस्थेच्या समुपदेशकांनी दोघांना आधी वेगवेगळं आणि मग एकत्र बसवलं. काकांनी त्याला अडवलं नाही. फक्त एवढंच मागितलं की काही आलं तरी मला सांगू नकोस, आणि घरात त्यावर बोलू नका. चुलतभावानं ते मान्य केलं. आजही त्याला काय कळलं ते आम्हा कुणाला माहीत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

संस्थेच्या कामात ओढली गेल्यावर मी तिचा इतिहास वाचू लागले, म्हणजे अशा सगळ्याच संस्थांचा. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, या आजाराचं वर्णन लिहिलं. ते लिहू शकले कारण त्यांचे वडील आणि आजोबा त्याच गावात डॉक्टर होते आणि त्याच कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या पाहत होते. पुढे जवळजवळ शंभर वर्षं फारसं काही हललं नाही. १९६७ मध्ये गायक वुडी गथ्री या आजारानं गेले आणि त्यांच्या पूर्वपत्नी मार्जरी यांनी रुग्णकुटुंबांना एकत्र करून संघटना सुरू केली. १९६८ मध्ये अमेरिकन मनोविश्लेषक मिल्टन वेक्स्लर यांनी, मुलींच्या आईला आजार असल्याचं कळल्यावर, संशोधनासाठी वेगळी संस्था काढली, तीच हेरेडिटरी डिसीज फाउंडेशन. त्यांची मुलगी नॅन्सी स्वतः पन्नास टक्के जोखमीची. ती १९७९ पासून व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या वस्त्यांत जाऊ लागली. तिथे या आजाराची जगातली सगळ्यात मोठी कुटुंबं राहतात. अठरा हजारांहून जास्त माणसांची वंशावळ तयार झाली, चार हजारांवर माणसांनी रक्त दिलं. त्यातून १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर जनुकाची जागा दाखवणारी खूण सापडली आणि १९९३ मध्ये, सहा गटांतल्या ५८ शास्त्रज्ञांच्या एकत्र कामातून, जनुकच सापडलं.

आज कुणीही चाचणी करू शकतो ती या माणसांच्या रक्तामुळे. नॅन्सी वेक्स्लर यांनी स्वतःला आजार असल्याचं २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्याआधीची अनेक दशकं त्यांनी तो प्रश्न स्वतःपाशी ठेवला आणि काम चालू ठेवलं. मी माझा निर्णय घेताना त्यांचा विचार केला होता हे मान्य करायला मला आनंदच वाटतो.

पण त्याच कथेतली दुसरी बाजू मला जास्त छळते. ज्या वस्त्यांनी रक्त दिलं त्या गरीबच राहिल्या. त्यांच्यासाठी १९९९ मध्ये माराकाइबोत एक काळजी-केंद्र उघडलं होतं, ते पुढे बंद पडलं. ज्यांच्या शरीरातून उत्तर निघालं त्यांनाच जेवण भरवायला, अंथरूण बदलायला माणूस नाही, ही गोष्ट कुठल्याही संशोधनसंस्थेला स्वस्थ बसू देता कामा नये. त्यामुळे आमच्या संस्थेत दरवर्षी जेव्हा वाद होतो, की पैसा प्रयोगशाळेला द्यायचा की घरोघर जाणाऱ्या परिचारिकेला, तेव्हा मी परिचारिकेच्या बाजूनं बोलते. दुसऱ्या बाजूचे लोकही तळमळीनंच बोलतात. दोन्हीकडे थोडं थोडं जातं आणि कुणाचंच पूर्ण समाधान होत नाही.

संशोधनाचे अर्ज निवडताना शास्त्रज्ञांबरोबर कुटुंबांतल्याही दोघा-चौघांना बसवतात. त्यात मी आहे. शास्त्राची पारख शास्त्रज्ञ करतात. आम्ही विचारतो ते वेगळं. रुग्णाला किती वेळा यावं लागेल? सोबत येणाऱ्याचा दिवस बुडतो त्याचं काय? ज्याला सहीचा अर्थ समजेनासा झाला आहे त्याच्या संमतीचं काय करणार? अभ्यास संपल्यावर निष्कर्ष कुटुंबांना कोण सांगणार, आणि कोणत्या भाषेत? एका तरुण संशोधिकेनं यातल्या शेवटच्या प्रश्नावर तिच्या अर्जात एक पान नव्यानं लिहून आणलं. मला तिचा अर्ज आवडला होता, त्या पानानंतर जास्तच आवडला.

वाईट दिवसही पाहिले. टोमिनर्सेन हे औषध एका औषध-चाचणीत पाठीच्या कण्यातून सुईनं दिलं जात होतं, हंटिंग्टिन प्रथिन कमी करण्यासाठी. आमच्या आधारगटातली कितीतरी कुटुंबं त्यावर डोळे लावून होती. मार्च २०२१ मध्ये तटस्थ समितीच्या सल्ल्यावरून त्या चाचणीतलं औषध थांबवलं गेलं. ज्यांना ते वारंवार मिळत होतं त्यांची स्थिती औषध न मिळालेल्यांपेक्षा चांगली नव्हती, उलट खालावत होती. त्या संध्याकाळी संस्थेची हेल्पलाइन रात्री उशिरापर्यंत चालू ठेवली. फोन करणाऱ्यांत बरेच जण चाचणीत नव्हतेही. त्यांना फक्त कुणाशी तरी बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन बैठक झाली, त्यात एका न्यूरोलॉजिस्टनं काय कळलं आणि काय अजून कळायचं आहे ते सोप्या शब्दांत सांगितलं. पुढे त्याच औषधाची, कमी वय आणि आजाराची सुरुवात असलेल्यांसाठी, नवी चाचणी सुरू झाली. खोटी आशा लावायची नाही आणि खरी आशा लपवायची नाही, यातला तोल त्या दिवसांत संस्थेनं सांभाळला. तो मी जवळून पाहिला, आणि तो किती अवघड असतो तेही.

बाबांनी मेंदूदानाची नोंद केली होती. निर्णय घेण्याची शक्ती शाबूत असतानाच ती करून ठेवलेली चांगली. त्यांनी स्वतः सही केली, अक्षर वेडंवाकडं आलं म्हणून दुसरा कागद मागून पुन्हा केली. ते गेले तेव्हा कुणाला फोन करायचा ते आईच्या वहीत पहिल्याच पानावर होतं. हे काम शक्यतो २४ तासांच्या आत व्हावं लागतं, त्यामुळे पूर्वतयारी असेल तरच जमतं. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यसंस्कार नेहमीसारखे करता येतात. ही शंका प्रत्येकाच्या मनात असते आणि विचारायला सगळे संकोचतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

अशा दान केलेल्या मेंदूंवरच्या कामातून २०२५ च्या सुरुवातीला एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध झाली. जन्मतः मिळालेला सी-ए-जीचा आकडा मेंदूतल्या काही पेशींत आयुष्यभर वाढत राहतो. आधी फार सावकाश, मग वेगानं, आणि दीडशेच्या पुढे गेला की ती पेशी बिघडू लागते. त्याआधी २०१५ आणि २०१९ मध्ये हजारो रुग्णांच्या रक्तावरून दिसलं होतं की आजार कधी सुरू होणार हे ठरवण्यात डीएनए दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या जनुकांचाही वाटा असतो. दोन्ही धागे एकाच दिशेला जातात: ही वाढ रोखता आली तर आजार लांबवता येईल. त्यावर आता काम चालू आहे. रक्त देणारे आणि मेंदू देणारे, दोघांचंही देणं त्यात आहे. माझ्या बाबांच्या मेंदूतून नेमकं काय कळलं ते मला कधी कळणार नाही. त्याची मला गरजही वाटत नाही.

हल्ली आठवड्यातून एक संध्याकाळ मी हेल्पलाइनवर बसते. नुकतेच सज्ञान झालेले मुलगे-मुली फोन करतात आणि बहुतेकांना वाटत असतं की आता चाचणी करावीच लागणार. मी त्यांना सांगते की करायची असेल तर तिथपर्यंत आम्ही सोबत येऊ, आणि करायची नसेल तरी आमचं दार तितकंच उघडं आहे. आधी मात्र घरातल्या आजारी माणसाबद्दल विचारते: जेवण कसं चाललंय, झोप लागते का, सांभाळणाऱ्याला सुट्टी मिळते का. तुमच्यापैकी कुणाला अशा अभ्यासात यायचं असेल आणि स्वतःचा निकाल नको असेल, तर जवळच्या हंटिंग्टन संस्थेला किंवा केंद्राला फोन करून एवढंच म्हणा, "मला चाचणी करायची नाही, पण अभ्यासात यायचं आहे." कारण सांगायची गरज नाही. पुढचं काय करायचं ते त्यांना माहीत असतं.